उतरलीस का?

आयर्लंडमध्ये रेसच्या छापील कार्डावर व्यावसायिक जॉकीचं नुसतं नाव येतं. हौशी जॉकीच्या नावाआधी मिस्टर किंवा मिस लावतात. माझ्या नावाआधी ते 'मिस' पहिल्यांदा छापून आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये, वेक्सफर्डच्या बाजूला एका शेतात. सकाळपासून पाऊस लागलेला, कार्ड हातातच भिजून मऊ झालेलं, आणि मी ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. त्या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच की या मुलीला राइडची फी मिळत नाही आणि बक्षिसातला वाटाही मिळत नाही. बाकी काही बदलत नाही. घोडा तोच अर्ध्या टनाचा, आणि पडलं तर जमीनही तीच.

मराठीत 'हौशी' म्हटलं की आवाज थोडा सैल होतो. हौशी नाटक मंडळी, हौशी गायक. कौतुक असतं, पण त्यात सूटही असते, जमेल तेवढं करतात म्हणून. दहा वर्षं हौशी जॉकी म्हणून काढल्यावर ती सूट मला घ्यावीशी वाटत नाही. कुणी मराठी माणूस विचारतो, "म्हणजे छंद होता का?" तेव्हा काय उत्तर द्यावं कळत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी मिरजेची. आई नर्स. लहानपणी स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे आणि घोड्याच्या मानेला हात लावायला मिळेल म्हणून मी टांग्याचाच हट्ट धरायची. २००४ मध्ये आईला किलकेनी काउंटीत नोकरी लागली आणि अकराव्या वर्षी मी इथे आले. भाड्याच्या घरामागे एका शेतकऱ्याचं रान होतं. गाई, मेंढ्या आणि तीन घोडे. इथे माणूस वयानं कितीही मोठा असला तरी त्याला नावानंच हाक मारतात. आईच्या तोंडून ते निघेना. तिनं त्यांना पहिल्याच आठवड्यात 'काका' करून टाकलं, आणि ते शेवटपर्यंत आमचे काकाच राहिले.

काकांनी मला पहिली दोन वर्षं लीद काढायला, पाणी भरायला आणि खूर साफ करायला लावलं. अधूनमधून पोनीवर बसवायचे. पुढे हिवाळ्यात गावच्या हंट क्लबबरोबर, म्हणजे घोड्यावरून शिकारीला जाणाऱ्या मंडळींबरोबर, जायला लागले, तेव्हा खंदक, बांध, दगडी भिंती यांवरून घोडा कसा उडतो ते अंगात मुरलं. आयर्लंडमध्ये पॉइंट-टू-पॉइंटच्या, म्हणजे कुंपणांवरून उड्यांच्या, शर्यती हेच गावोगावचे हंट क्लब भरवतात. बहुतेक रविवारी, कुणाच्या तरी शेतात, शरद ऋतूपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. दोरीची कुंपणं, तंबूत वजनकाटा, बुकींचे फळे, गाडीची डिकी उघडून सँडविच खाणारी कुटुंबं. सांगलीकडच्या एखाद्या जत्रेत जसं सगळं गाव लोटतं तसंच. फरक इतकाच की इथे घोड्यावर बसणारा प्रत्येक जण हौशीच असावा लागतो, नियमच तो आहे.

या खेळाचा उगमही दोन हौशी माणसांच्या पैजेतच आहे. १७५२ मध्ये कॉर्क काउंटीत कॉर्नेलियस ओ'कॅलहन आणि एडमंड ब्लेक यांनी बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, वाटेत येईल ते ओलांडत, सुमारे साडेचार मैल घोडे फेकले. दूरून दिसत होता तो चर्चचा मनोरा, म्हणजे स्टीपल. स्टीपलचेस हा शब्द तिथला. काका ही गोष्ट इतक्यांदा सांगायचे की ते स्वतः त्या दिवशी तिथे हजर होते असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

लायसन्सचं काम मात्र गोष्टींसारखं नव्हतं. अर्ज, डॉक्टरांची तपासणी आणि डोक्याला मार लागण्याआधीच घेतलेली मेंदूची चाचणी. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे, तोल सांभाळून उभं राहायचं. पुढे कधी डोक्यावर पडलात तर त्या दिवशीच्या उत्तरांशी तुलना करता यावी म्हणून. नंतर किल्डेअर काउंटीतल्या 'करा' नावाच्या माळावरच्या रेसिंग अकॅडमीत कोर्स. तिथल्या यांत्रिक घोड्यावर मी पाय थरथरेपर्यंत वाकून बसले. नियम शिकवले, खाणं शिकवलं आणि पडायला शिकवलं. लगाम सोडून दे, अंगाचा गोळा कर, मागचे सगळे घोडे जाईपर्यंत हलू नकोस. जगात इतर कुठल्या कामाच्या शिक्षणात पडण्याला इतका वेळ देत असतील असं मला वाटत नाही.

मग ती पहिली शर्यत. घोडा काकांच्या ओळखीच्यांचा, नऊ वर्षांचा, पन्नासेक वेळा हे सगळं करून बसलेला. हौशी शर्यतींत वजन जास्त असतं, कारण बसणारे शेतकरी, शिक्षक, वकील असे धडधाकट लोक असतात. दिवसभर उपाशी राहून पन्नास किलोवर येणं त्यांना परवडत नाही. त्या दिवशी घोड्यानं साडेअकरा स्टोनच्या आसपास न्यायचं होतं, म्हणजे ७३ किलो. मी ५५ ची. खोगीर, बूट, सगळं धरूनही बारा-तेरा किलो कमी पडत होते. ते शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढायचे आणि खोगिराखालच्या कापडी खिशांत घालायचे. त्या पट्ट्या हातात घेऊन वजनकाट्याच्या रांगेत उभी असताना खांदे भरून आले होते. जुनी माणसं म्हणतात, शिसं हे मेलेलं वजन, घोड्याबरोबर हलत नाही. म्हणून हलक्या जॉकीनं जास्त नेटकं बसायला हवं.

तीन मैल. सहा-सात मिनिटांत संपतात. पहिल्या कुंपणाकडे जाताना समोरून बर्चच्या फांद्यांची साडेचार फुटांची भिंत वाढत वाढत येते आणि आवाज कमी होतो. म्हणजे खरं तर वाढतो. बारा घोड्यांच्या टापा, श्वास, शिव्या, पण कानापर्यंत काही येत नाही. काकांनी एकच गोष्ट सांगितली होती: "तू उडी मारू नकोस, घोडा मारेल." नवशिका जॉकी कुंपणाआधी तीन पावलं मोजायला जातो आणि चुकीच्या पावलावर घोड्याला ढकलतो. मी मानेचा पट्टा धरून गप्प बसले. घोड्यानं स्वतःच एक पाऊल आखूड केलं, मागचे पाय पोटाखाली घेतले, आणि आम्ही पलीकडे होतो. खाली येताना लगाम बोटांतून सरकू द्यायचा, घोड्याला मान लांब करायला जागा द्यायची, नाहीतर आपणच त्याला ओढून पाडतो. हे शंभर वेळा ऐकलं होतं. हाताला कळलं ते त्या दिवशी.

सातवी आले. तोंडात, डोळ्यांत, कानांत चिखल. वजन दिलं आणि आईला फोन केला. तिनं विचारलं, "उतरलीस का?" कितवी आलीस, घोडा कसा होता, काही नाही. त्यानंतर दहा वर्षं, प्रत्येक शर्यतीनंतर, तिचा प्रश्न तोच राहिला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोघींनी टीव्हीवर ग्रँड नॅशनल, ही इंग्लंडमधली उड्यांची मोठी शर्यत, पाहिली. केटी वॉल्श, हौशी जॉकी, सीबास नावाच्या घोड्यावर तिसरी आली. त्या शर्यतीत तोवर कुठलीच बाई इतकी पुढे आली नव्हती. आदल्या वर्षी नीना कार्बरीनं आयरिश ग्रँड नॅशनल जिंकली होती, तीही हौशी. आईनं इतकंच म्हटलं, "या दोघींच्या आया काय करत असतील आत्ता?"

पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो प्रश्न मला फार वेगळा ऐकू आला. इंग्लंडमधल्या चेल्टनमच्या रेसकोर्सवर किम म्यूर या हौशी जॉकींच्या शर्यतीत जे. टी. मॅकनमारा पडले. लिमरिकचा माणूस, ६०० हून जास्त शर्यती जिंकलेला, आमच्यासारख्या सगळ्यांनी ज्याचे व्हिडिओ पाहून पाहून बसणं शिकलो असा. मानेला इजा झाली आणि ते पुन्हा चालू शकले नाहीत. २०१६ च्या जुलैमध्ये ते गेले. त्या शर्यतीच्या रात्री आई माझ्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी होती. थांब असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी थांबले असते की नाही, हे आजही मला सांगता येत नाही.

मी तेव्हा डब्लिनला रेडिओग्राफी शिकत होते. शुक्रवारी रात्रीच्या बसनं घरी, शनिवारी सकाळी कार्लोच्या बाजूला एका ट्रेनरकडे घोडे पळवायचे, रविवारी शर्यत, संध्याकाळी परत. पुढे किलकेनीकडे नोकरी लागल्यावर रोजची वेळ पक्की झाली. पावणेपाचला उठायचं, साडेपाचला तबेल्यात, पहिला लॉट, म्हणजे घोड्यांची पहिली तुकडी, अंधारातच डोंगरावरच्या चढाच्या पट्टीवर, मग दुसरा, मग गाडीतच कपडे बदलून नऊला हॉस्पिटलात. कित्येकदा कॉलरबोनचा एक्स-रे काढताना समोरच्या माणसाला मी आदल्या रविवारी पाहिलेलं असायचं. तोही मला ओळखायचा. दोघंही काही बोलायचो नाही, तो फक्त खांदा सांभाळून प्लेटसमोर उभा राहायचा.

पहिली जिंकलेली शर्यत नोव्हेंबर २०१३ मधली, आणि ती पूर्णपणे काकांच्या घोडीची. त्यांनी ती स्वतः वाढवली होती. तिचा जन्म झाला त्या रात्री मी कंदील धरून उभी होते. शर्यत मेडन, म्हणजे अजून एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांची. शेवटून दुसऱ्या कुंपणाला आम्ही तिसऱ्या होतो. पुढचे दोघे आतल्या बाजूनं वळले. मी बाहेरून गेले, कारण तिला मोकळी जागा लागते हे मला माहीत होतं. शेवटच्या कुंपणावर ती अशी उठली की माझं पोट जागेवरच राहिलं. चार घोड्यांच्या लांबीनं जिंकली. काका कुंपणाच्या दोरीखालून वाकून आत आले आणि तिच्या नाकपुड्या पुसत राहिले, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला ते फार आवडलं.

तीन आठवड्यांत ती विकली गेली. पॉइंट-टू-पॉइंटचा अर्धा संसार यावरच चालतो. तरुण घोड्यानं शेतातली शर्यत जिंकली की मोठ्या तबेल्यांचे एजंट येतात, लिलाव होतो, आणि पुढे तोच घोडा एखाद्या नामवंत ट्रेनरकडून चेल्टनमला दिसतो. काकांच्या गोठ्याचं छप्पर तिच्या पैशातून झालं. ट्रेलरचं दार लावताना तिनं मान वळवली. मिरजेच्या मावशीनं फोनवर विचारलं, "मग तुला किती मिळाले?" मी म्हटलं, काही नाही. मावशी गप्प झाली. तिला वाईट वाटलं, माझ्यासाठी. मला वाईट वाटत होतं ते घोडीसाठी, हे तिला फोनवर समजावता आलं नाही.

२०१४ च्या शेवटी गावरन पार्कला बंपर मिळाली. हे खरं रेसकोर्स, स्टँड असलेलं. बंपर म्हणजे पुढे उड्यांच्या शर्यतीत उतरायच्या घोड्यांची सपाटीवरची शर्यत, साधारण दोन मैलांची, आणि आयर्लंडमध्ये ती बहुतेक वेळा हौशी जॉकींचीच. जुन्या काळी हे हौशी लोक खोगिरावर आदळत आदळत बसायचे, म्हणून म्हणे हे नाव पडलं. आता कुणी आदळत नाही. पॅट्रिक मुलिन्स या हौशी जॉकीनं २०१२ या एका वर्षात ७४ शर्यती जिंकल्या आणि बिली पार्किन्सनचा १९१५ पासूनचा ७२ चा विक्रम मोडला. जेमी कॉड आणि डेरेक ओ'कॉनर यांच्यासारख्या हौशींना पाहिलं की व्यावसायिक आणि हौशी ही रेघ कागदावरचीच वाटायची. पॅट्रिकचे वडील, ट्रेनर विली मुलिन्स, स्वतः अनेकदा हौशी जॉकींचे चॅम्पियन होते. १९९६ मध्ये चेल्टनमची बंपर त्यांनी आपणच तयार केलेल्या घोड्यावर बसून जिंकली.

त्या बंपरमध्ये मी दुसरी आले. अर्ध्या लांबीनं. नवख्या म्हणून मला ७ पौंडांची सवलत होती, तरी हरले. वळणावर मी दोन श्वास लवकर घोडी सोडली. ट्रेनर रागावले नाहीत. "पुढच्या वेळी थांबशील," एवढंच म्हणाले. ते दोन श्वास अजूनही कधी कधी रात्री परत येतात.

मग प्रश्न आला, व्यावसायिक व्हायचं का. २०१५ च्या मार्चमध्ये टिपररीच्या रेचेल ब्लॅकमोरनं हौशी लायसन्स सोडून व्यावसायिक घेतलं. हौशी म्हणून तिचा पहिला विजय २०११ मधला, थर्ल्सला. मधल्या चार वर्षांत तिच्या नावाचा डंका वाजत नव्हता. आमच्यासारखीच ती राइड शोधत फिरणारी होती. पुढे २०२१ मध्ये तीच ग्रँड नॅशनल जिंकणारी पहिली बाई झाली, आणि २०२२ मध्ये तिनं चेल्टनमचा गोल्ड कप जिंकला. लोक मला अजून विचारतात, तेव्हा तूही गेली असतीस तर? मी तो हिशेब तेव्हाच मांडला होता. वर्षाला वीस-पंचवीस राइड, त्यांत एखादा विजय. तेवढ्यावर घर चालत नाही. आणि मला खोटं बोलायचं नाही, माझे हात चांगले होते, फार चांगले नव्हते. रेचेलकडे जी शांतता होती, कुंपणाआधी काहीच न करण्याची, ती काकांनी मला शब्दांत शिकवली होती. तिच्या अंगातच ती होती.

जानेवारी २०१७ मध्ये पडले. तरुण घोडा, चौथं कुंपण, पुढचे पाय बर्चमध्ये अडकले. मला आठवतो तो गवताचा वास आणि नंतर थेट अँब्युलन्सचं छत. मधली चार मिनिटं माझ्याकडे नाहीत. डॉक्टरांनी कोणता महिना, कोणती शर्यत विचारलं, मी म्हटलं नोव्हेंबर आणि काकांच्या घोडीचं नाव सांगितलं. लायसन्स तिथेच थांबवलं गेलं. घरी पडदे ओढून पडून राहिले. तीन आठवड्यांनी ती जुनी चाचणी पुन्हा, तेच शब्द, तेच उलटे आकडे, आणि माझे आकडे जुळले नाहीत. आणखी दोन आठवडे. त्या दुसऱ्या नकाराचा मला भयंकर राग आला होता. आज रोज डोक्याचे स्कॅन पाहते, आणि ज्या डॉक्टरांनी तेव्हा सही केली नाही त्यांचे मी मनापासून आभार मानते. त्या दिवशी आईला फोन मी केला नव्हता, काकांनी केला. तिनं त्यांनाही तेच विचारलं, मराठीत. काकांना शब्द कळला नाही, तरी ते म्हणाले, हो.

पुढची वर्षं भरभर गेली. एकूण नऊ विजय. २०१८ च्या एप्रिलमध्ये पंचेस्टाउनच्या रेसकोर्सवर केटी वॉल्श आणि नीना कार्बरी दोघींनीही एका दिवसाच्या अंतरानं खोगीर टांगलं. मी तिथे कठड्याला टेकून उभी होते आणि माझ्या आजूबाजूच्या मुली रडत होत्या. २०२० च्या मार्चमध्ये कोविडनं शर्यती बंद पडल्या. हॉस्पिटलात आम्ही दोन पाळ्या सलग करत होतो, आणि तबेला हीच एक जागा होती जिथे मास्क काढून श्वास घेता यायचा. २०२१ च्या शेवटी काका गेले, झोपेत. त्यांचे शेवटचे दोन घोडे शेजारच्या मुलानं घेतले.

शेवटची राइड एप्रिल २०२२ मध्ये, त्यांतल्याच एका घोड्यावर. त्याच महिन्यात सॅम वेली-कोहन या इंग्रज हौशी जॉकीनं ग्रँड नॅशनल जिंकली आणि तो म्हणाला होता तसा तिथेच थांबला. माझ्या थांबण्याला असं काही निमित्त नव्हतं. उजवा खांदा रात्री झोपू देत नव्हता, आणि कुंपणाआधी मी पुन्हा पावलं मोजायला लागले होते. ज्याला हे समजतं त्यानं थांबावं, घोड्याच्या भल्यासाठी तरी.

जमीन त्या दिवशी कोरडी होती, वाऱ्याला गवताचा वास होता. चौथी आले. घोडा शेवटच्या कुंपणावर नीट उडाला, आणि पलीकडे मी लगाम बोटांतून सरकू दिला. खोगीर काढलं, शिशाच्या पट्ट्या घेऊन काट्यावर उभी राहिले, कारकुनानं आकडा लिहिला आणि मान हलवली. ट्रेलरपाशी घोड्याच्या पाठीवरून पाणी ओतत असताना फोन वाजला. आईच होती. या वेळी तिनं माझ्या फोनची वाट पाहिली नव्हती.

"उतरलीस का?"

"उतरले," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "घोडा कसा आहे?"

दहा वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या कुंपणापासून.